दोर ओलांडायचा नाही

आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत आजही सात-आठ बाल्कन्या अशा आहेत, जिथल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बाजारातल्या नाहीत. बोटाएवढ्या जाड, गोल, निळ्या नाहीतर केशरी. ओल्या चादरी टाका, सोफ्याची कव्हरं टाका, आमच्या सबनीसांची ती दगडासारखी जीन्स टाका, दोरी जागची हलत नाही. नवे भाडेकरू विचारतात, "आंटी, ये रस्सी कहाँ से ली?" मी म्हणते, "मिलती नहीं." आणि खरंच मिळत नाही. खडकावरून माणसं उतरवून उतरवून म्हाताऱ्या झालेल्या दोरांचे ते तुकडे आहेत. खराडे सुभेदारांनी ते बाल्कनीच्या मापानं कापून, टोकं मेणबत्तीवर वितळवून, प्रत्येकाला घरी आणून दिले होते. टोकाला पांढरी पट्टी गुंडाळलेली, आणि पट्टीवर दोर पहिल्यांदा वापरला त्याचं साल.

ज्ञानू खराडे, सुभेदार, निवृत्त. मूळचे पाटण तालुक्यातले. फौजेत असताना पोरांना डोंगर चढायला आणि उतरायला शिकवायचे. बायकोच्या आजारपणासाठी म्हणून रिटायर झाल्यावर दिल्लीतच राहिले, ती गेली, तरी राहिले. का राहिले ते मी कधी विचारलं नाही, आणि ते आपणहून सांगणाऱ्यातले नव्हते. आमच्या सोसायटीला लागून चिल्ला गाव आहे, तिथे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि वर गच्ची. शनिवार-रविवार नोएडातल्या एका कंपनीच्या नोकरीत. ही कंपनी दिल्लीच्या लोकांना फरिदाबादपलीकडे धौजच्या खडकांवर दोराने उतरवायची, थंडीत हृषीकेशला गंगेत राफ्टिंगला न्यायची. मालक विकी नावाचा, गॉगल डोक्यावर ठेवणारा. कंपनीच्या जाहिरातीत 'थ्रिल' हा शब्द चार ओळींत तीनदा होता.

त्या खडकावरची सुभेदारांची जागा माझ्यामुळे गेली. हे आत्ताच सांगून टाकते. शेवटी सांगायचं म्हटलं तर पुन्हा धीर गोळा करावा लागेल, आणि या वयात तेवढी ताकद माझ्यात राहिलेली नाही.

मी मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, म्हणजे दिल्लीतल्या, केंद्राच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सहीसाठी मसुदे लिहिले. संध्याकाळी मेट्रोतून घरी येताना उभ्याउभ्या झोप यायची. त्यात आमच्या भागातल्या मराठी मंडळाचं सचिवपद गळ्यात पडलेलं. गणपती, कोजागिरी, जानेवारीत पानिपतला काला अंबच्या स्मारकाची बस, झालंच तर वार्षिक सहल. सहलीला तीच तीच बाग आणि तोच तोच मसालेभात, पोरं यायची बंद झाली होती. म्हणून खजिनदार शेखभाऊ म्हणाले, "मॅडम, कुछ ॲडव्हेंचर रखते हैं यार. मुलं येतील." शेखभाऊ सोलापूरचे, रेल्वे बोर्डात होते, नाटकाचं वेड, आवाज असा की माईक बंद पडला तरी कुणाला कळू नये. त्यांनीच विकीची कंपनी शोधून काढली आणि त्यांनाच विकीकडे खराडे सुभेदार सापडले. "आपला माणूस निघाला तिथं!" म्हणून त्यांनी मला ऑफिसात फोन केला होता.

पहिल्या सहलीला आम्ही चाळीसेक जण होतो. बसमधून उतरून पोहे खाल्ले, आणि त्या उघड्या, काटेरी बाभळीच्या माळावरून खडकापाशी पोचलो. सुभेदार आधीच आलेले. काळे बूट लख्ख पॉलिश केलेले. धौजच्या त्या धुळीत बुटांना पॉलिश करून येणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. समोर ताडपत्रीवर दोर पसरलेले. आमच्यातले एक अंडर सेक्रेटरी मोबाइलवर बोलत बोलत आले आणि सरळ दोरावरून पाय टाकून पलीकडे गेले.

"साहेब," सुभेदार म्हणाले, "दोर ओलांडायचा नाही."

"अं? अच्छा, सॉरी."

"सॉरी नको. नमस्कार करा त्याला."

अंडर सेक्रेटरी हसले. सुभेदार हसले नाहीत. नुसते उभे राहिले. शेवटी तो बिचारा वाकला, पुस्तकाला पाय लागल्यावर आपण करतो तसा दोराला हात लावून कपाळाला लावला. त्यानंतर दिवसभरात निदान दहा जणांनी चुकून दोर ओलांडला आणि दहाही जणांनी निमूट नमस्कार केला. दुपारी मी विचारलं, ही फौजेतली पद्धत का? तर म्हणाले, "छे हो. आमच्या आईची. निजलेल्या माणसाला ओलांडायचं नाही म्हणायची. आणि कसंय ताई, बुटाखालची वाळू दोरात शिरते. आत जाऊन चिरत बसते. वरनं दिसत नाही. आता हे सगळं सांगत बसलो तर कोण ऐकतंय? नमस्कार म्हटलं की लक्षात राहतं."

घाबरू नका, असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. विकीची बाकीची माणसं ओरडायची, "कुछ नहीं होगा! एन्जॉय करो!" आणि हे कड्याच्या टोकाशी बसून शांतपणे म्हणायचे, "घाबरा की. कोण नको म्हणतंय? घाबरलेला माणूस गाठ बघतो." गाठ बांधायची ती आपली आपण, मग ती शेजाऱ्याला दाखवायची, शेजाऱ्याची आपण बघायची, आणि मग ते अंगठ्यानं एकदा दाबून बघणार. उतरायला एक दोर आणि सांभाळायला दुसरा. दुसरा कायम त्यांच्या हातात, कमरेभोवतून घेतलेला. आपण खाली दिसेनासे झालो की ते वरून नावानं हाक मारायचे. उत्तर द्यायचं ते एकच, "आहे." 'हो' चालायचं नाही, 'ओके' तर नाहीच. मी कशी उतरले ते विचारू नका. सत्तर-ऐंशी फुटांचा तो खडक, माझे डोळे मिटलेले, तोंडात रामरक्षा, आणि वरून, "सबनीस ताई?"

"आहे!"

"जोरात."

"आहे हो, आहे! अजून आहे!"

खाली सगळे हसत होते. पण मी त्या दिवशी घरी आले ती रुबाबात, आणि आठवडाभर मेट्रोत मला झोप आली नाही. आमचे सबनीस म्हणाले, "तू परत तरुण झालीस की काय?" छे, तरुण कसली. पण वरून कुणीतरी आपल्याला नावानं विचारतंय आणि आपण 'आहे' म्हणतोय, हे ऑफिसात तीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

एकदा त्यांनीच मला विचारलं होतं, "ताई, थ्रिल म्हणजे काय हो मराठीत?"

मी म्हटलं, "थरार."

"हां. आम्हाला फौजेत याला ड्यूटी म्हणायचे," म्हणाले आणि चहा प्यायला गेले. चहासुद्धा शेवटचा माणूस खाली पोचल्याशिवाय प्यायचे नाहीत. कपात ओतून ठेवलेला चहा गार होऊन त्यावर साय धरायची, तो तसाच प्यायचे.

बसमध्ये चढताना माणसं मोजायची तीही त्यांची वेगळी रीत. आकडे नाहीत, नावं. आणि सुरुवात मागच्या सीटपासून. "पुढचे येतातच," म्हणायचे. "मागं कोण राहिलं ते बघायचं." बस रिकामी झाली की सगळ्यात शेवटी ते उतरणार, प्रत्येक सीटवर हात ठेवत, कुणाची पिशवी, कुणाचं पोर झोपेत राहिलंय का बघत. त्यामुळे त्यांना बसमधून उतरताना कुणी फारसं पाहिलेलंच नाही, तोवर आम्ही घरी पोचलेलो असायचो.

माझी मुलगी सई तेव्हा कॉलेजात होती. दिल्लीत वाढलेली पोर, घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि आईशी बोलायचं म्हणजे दोन्हीतली तोडकी. 'पीळ' म्हणजे काय, 'गाभा' म्हणजे काय, तिला ठाऊक नव्हतं. सुभेदारांनी तिला निरगाठ आणि सुरगाठ शिकवली, आठाची गाठ शिकवली, ती नावं पाठ करून घेतली. घरी येऊन ती माझ्या ड्रेसच्या नाडीला गाठ मारून मला विचारायची, "ममा, ही कुठली?" आणि मला सांगता यायचं नाही. मग ती हसायची. त्या वर्षात सई माझ्याशी जेवढं बोलली तेवढं त्याआधीच्या चार वर्षांत बोलली नव्हती. खोटं कशाला बोलू, सुभेदारांवर माझा जीव होता तो यासाठी.

एकदा मात्र त्यांचा पारा चढलेला पाहिला. दुसऱ्या सहलीला शेखभाऊ कड्यावर उभे राहिले, कमरेवर हात ठेवला, आणि शाळेच्या पुस्तकातला सूर्याजी अंगात आल्यासारखे गरजले, "पळता कुठे? परतीचे दोर कापले आहेत!" आम्ही सगळे हसलो, टाळ्या वाजवल्या. सुभेदार ताडकन वळले. त्या क्षणी त्यांच्या दोरावर, खाली, आमच्यातल्या एकाची बायको लटकत होती.

"खाली बसा."

"अहो सुभेदारसाहेब, गंमत..."

"बसा म्हणतो ना. खाली माणूस आहे. माणूस दोरावर असताना हे बोलायचं नाही. गमतीत पण नाही."

शेखभाऊ बसले. ती बाई खाली पोचून 'आहे' म्हणेपर्यंत उठले नाहीत. नंतर सुभेदारांनी शेखभाऊंना चहा नेऊन दिला आणि म्हणाले, "आवाज लई चांगला आहे तुमचा. खालनं हाक मारायला तुम्हीच थांबत जावा." तेव्हापासून खाली हाक मारायचं काम शेखभाऊंकडे.

दिवाळीचा फराळ द्यायला मी एकदा चिल्ल्यातल्या त्यांच्या गच्चीवर गेले होते. शुक्रवारची दुपार कलत आलेली. दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधलेला, आणि सुभेदार डोळे मिटून तो हातातून सोडत चाललेले, इंच इंच. पायात चपला नाहीत. मी जिन्यातच थांबले. एका जागी त्यांचा हात थांबला, मागे गेला, पुन्हा त्याच जागी आला. मग पुढे गेला.

"डोळे का मिटता?"

"डोळ्याला कवच दिसतं ताई. नवंकोरं दिसतं. आतला गाभा तुटला असला तरी बाहेर काही कळत नाही. हाताला कळतं. कुठं मऊ लागतं, कुठं ताठ लागतं." मग चिवड्याचा घास घेऊन म्हणाले, "तीस वर्षं झाली, हातानं अजून फसवलं नाही."

हातानं फसवलं नाही, हे त्यांनी ज्या स्वरात सांगितलं तसं माणसं आपल्या मुलाबद्दल सांगतात. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोराबद्दल शंका आली की ते तो कापायचे. विकी चिडायचा, एवढा महागाचा दोर, अजून दोन सीझन चालला असता. हे ऐकून घ्यायचे आणि कापायचे. त्याच कापलेल्या दोरांवर आमची धुणी वाळत होती.

तिसऱ्या वर्षीची सहल. सईनं त्या वर्षी कॉलेजच्या चार मैत्रिणी आणल्या होत्या, आपणहून. "ममा, मी त्यांना सांगितलंय, सुभेदार अंकल कसले भारी आहेत." मी पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली, चार मुलींसाठी वेगळी, कमी तिखट. इतकी खूश होते मी! खडकापाशी पोचलो. सुभेदार ताडपत्रीशी बसून दोर हातातून सोडत होते. सांभाळायचा दोर, निळा, त्याच सीझनला आणलेला. अर्ध्यावर हात थांबला. मागे गेला. पुन्हा थांबला.

त्यांनी विकीला विचारलं, "ये रस्सी किसने यूज की?"

"किसी ने नहीं साहब. स्टोर में बंद थी."

त्यांनी जीपचा ड्रायव्हर सतपालकडे बघितलं. सतपाल जमिनीकडे बघत होता. सुभेदारांनी पुन्हा दोर चाचपला. चांगली पाच मिनिटं. आमची चाळीस माणसं हेल्मेटं घालून उन्हात उभी. मग त्यांनी खिशातला चाकू काढला आणि कुणी काही म्हणायच्या आत दोर कापला. एकदाच नव्हे. हात हात लांबीचे तुकडे करत गेले, सगळा दोर संपेपर्यंत.

"आज व्हायचं नाही," ते म्हणाले.

आता उतरायचा एकच दोर उरला होता. विकी म्हणाला, एकावर उतरवा, दुनिया उतरते. सुभेदार म्हणाले, "एका दोरावर आम्ही शिक्षा म्हणून पण उतरवत नव्हतो." मग विकीचा आवाज चढला. सगळ्यांसमोर तो त्यांना 'बुढ्ढा' म्हणाला, सठिया गया म्हणाला. मी पुढे झाले. मला वाटलं, मी सचिव, मी विचारलं तर सांगतील. "सुभेदारसाहेब, दोराला झालंय काय? दाखवा तरी."

"दिसायचं नाही ताई."

"मग कशावरून कापलात?"

ते वाकले. तुकडे गोळा करून आपल्या पिशवीत भरत राहिले. मागे सईची एक मैत्रीण म्हणाली, "सो लेम यार." आणि सई, माझी सई, जिनं चार दिवस त्यांचं कौतुक सांगितलं होतं, ती लाजेनं लाल झाली आणि मला म्हणाली, "ममा, तुम्हारे लोग भी ना..." हिंदीत. तुमची माणसं. मग आम्ही बसमध्ये बसून खिचडी खाल्ली आणि परत आलो. बसमध्ये सुभेदारांनी मागून नावं घेतली. सईनं उत्तर दिलं नाही. तिच्या वतीनं मीच 'आहे' म्हटलं.

त्या आठवड्यात मी पत्र लिहिलं. मंडळाच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, तीन परिच्छेद. सेक्शन ऑफिसरचा हात होता तो, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मराठीत सांगायचं तर, 'सदर प्रशिक्षकांनी कोणतेही तांत्रिक कारण न देता', 'वारंवार विचारणा करूनही', 'सदस्यांची गैरसोय व मनस्ताप'. सबनीस म्हणाले, "दोन दिवस थांब, राग उतरू दे." मी म्हटलं, तुम्ही नका सांगू मला. विकीला निमित्तच हवं होतं. महिन्याच्या आत सुभेदार कंपनीतून बाहेर. ते नोएडातल्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर गार्ड म्हणून लागले. मी एकदा रिक्षातून जाताना त्यांना पाहिलं. युनिफॉर्म ढगळ होता, बूट लख्ख होते. मी पदर डोक्यावर घेतला आणि दुसरीकडे बघितलं. पदर काय, दिल्लीत कुणी रिक्षात डोक्यावर पदर घेतं का? मी घेतला.

मंडळात ते येत राहिले. कोजागिरीला दूध, गणपतीत आरती, आणि मला दरवेळी, "राम राम, ताई." त्यात टोमणा नाही, अडी नाही. यानं तर मला जास्तच त्रास व्हायचा. शेखभाऊंनी त्यांच्यासाठी हृषीकेशच्या एका कँपमध्ये शब्द टाकला. कँपवाले हात जोडून बोलवत होते, राहायची खोली, गंगेचा काठ. सुभेदारांनी नकार दिला. शेखभाऊ वैतागले, "मानी माणूस! गेटवर उभा राहील, पण कुणाचे उपकार नको." मलाही तेच वाटलं. मानी आहेत, रुसले आहेत, म्हणून येत नाहीत. रुसलेल्या माणसाला आपण काय करणार, असं म्हणून मी हात झटकले.

पुढच्या वर्षी, मे महिन्यात, मेट्रो बंद होती म्हणून मी टॅक्सी केली. ड्रायव्हर सतपाल निघाला. विकीची नोकरी सोडून टॅक्सी चालवत होता. मग आरशातून बघत म्हणाला, "मॅडम, उस दिन सूबेदार साहब ने रस्सी काटी थी ना? एक दिन पहले जीप नाले में फँस गई थी. विकी भैया बोले, यही बाँध के खींच ले. हमने दूसरी गाड़ी से बाँध के खींची." 

"सुभेदारांना माहीत आहे?"

"किसने बताना था जी."

तो दोर तुटला असता की नसता, कोण सांगणार? पण अख्ख्या जीपचं वजन ओढलेला दोर माणसासाठी लावायचा नसतो, एवढं मलाही आता कळत होतं. घरी आले, हातपाय न धुता बसून राहिले. विकीला दुसरं पत्र लिहिलं, पहिलं मागे घेते म्हणून. त्यानं फोन केला, "मॅडम, अब तो दूसरा आदमी रख लिया. छोड़िए ना." सुभेदारांना सांगायला मात्र मी गेले नाही. चिल्ला गाव आमच्या गेटपासून दहा मिनिटांवर. आज जाऊ, उद्या जाऊ. सांगायचं तर आधी माफी मागावी लागणार होती. आणि मग मनाला समजवायचं, की त्यांना काय, ते बरोबर होते हे त्यांना माहीत आहेच, आपण नव्यानं काय सांगणार? आठ महिने गेले.

जानेवारीत मंडळाची बस नेहमीप्रमाणे काला अंबला गेली. संक्रांतीच्या सुमाराचं पानिपत, धुकं इतकं की स्मारकाचा खांब जवळ जाईपर्यंत दिसेना. महाराष्ट्रातून आलेल्या लोकांच्या घोषणा ऐकू येत होत्या, माणसं दिसत नव्हती. सुभेदार एकटेच कुंपणापाशी उभे होते, मफलर बांधून. मी तिळगुळाची पुडी घेऊन गेले. ते म्हणाले, "एवढी माणसं होती इथं ताई, बायापोरं, बाजारबुणगे. मागं कोण कोण राहिलं ते कुणी नावानं मोजलंच नाही." मग तिळगूळ तोंडात टाकला.

मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, ते पत्र मी लिहिलं होतं."

"सही होती की खाली."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? विकीनं वाचून दाखवलं. कारण न देता कापला, असं होतं. खरंच होतं ते. कारण नव्हतंच माझ्याजवळ. खात्री असती तर भांडलो असतो. खात्री नव्हती, म्हणून कापला."

"तुमचं बरोबर होतं," मी म्हटलं. "आदल्या दिवशी त्या दोरानं जीप ओढली होती. सतपालनं सांगितलं मला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं.

"ओढली व्हती?" 

"हो."

"त्याच दोरानं?"

"हो."

त्यांनी हातातले लोकरीचे मोजे काढले. आधी एक, मग दुसरा. दोन्ही हात पुढे धरून उलटेपालटे करून बघितले. "मला वाटलं, हात गेले माझे," ते म्हणाले. "विकी म्हणत होता दोर स्टोरात बंद होता. म्हणलं मग हाताला कसं लागलं? हातच म्हातारे झाले, नसलेलं सांगायला लागले. असल्या हातांवर माणसाचा जीव कसा सोपवायचा? हृषीकेशवाले बोलवत होते तर नको म्हणलं."

मी हातातली तिळगुळाची पुडी मिटत राहिले.

"सतपालनं कधी सांगितलं तुम्हाला?"

"मे महिन्यात."

त्यांनी मान हलवली. मग मोजे परत हातात घातले, नीट, बोटं ओढून ओढून. "आधी सांगायचं व्हतं, ताई," म्हणाले. एवढंच. रागानं नाही. दमलेला माणूस बोलतो तसं. आणि बसकडे निघाले, कारण निघायची वेळ झाली होती आणि माणसं मोजायची होती. फाल्गुनात ते गावी जाणार होते, पुतण्याकडे, कायमचे. खोली सोडायचं आधीच ठरलं होतं. हृषीकेशच्या त्या जागेवर केव्हाच दुसरा माणूस आला होता.

बसमध्ये त्यांनी मागच्या सीटपासून नावं घेतली. मी पुढून तिसरी होते. माझं नाव येईल की नाही, मला कळेना, आणि त्यांनी घेतलं नसतं तरी मी काही म्हटलं नसतं.

"सबनीस ताई?"

त्यांनी थांबून पुन्हा विचारलं, "सबनीस ताई?"

"आहे," मी म्हटलं.

मयूर विहारला पोचेपर्यंत संध्याकाळचे सहा वाजले होते. सगळे भराभर उतरून पिशव्या घेऊन घरांकडे निघाले. मी गेटपर्यंत गेले आणि वळून बघितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बसमधले दिवे लागले होते. सुभेदार मोजे काढून मागच्या सीटपासून पुढे येत होते, एकेका सीटवर उघडा हात ठेवत. मधे एका जागी त्यांचा हात थांबला, मागे गेला, पुन्हा तिथेच आला. त्यांनी वाकून सीटखाली बघितलं. कुणाची तरी टोपी राहिली होती. ती त्यांनी झटकली, खिडकीतून बाहेर धरली आणि कुणाची आहे म्हणून हाक मारत उभे राहिले.